चौथे पोट डावीकडे: एका विद्यार्थिनीच्या अवकाशीय आकलनाचे प्रकरण

गाय खोड्यात शांत उभी होती. मी पशुवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातात खडू दिला आणि सांगितले, "डाव्या बाजूला उभी राहा आणि पोटाचे चारही कप्पे कातडीवर काढून दाखव." तिने क्षणभरही विचार केला नाही. कोपराच्या मागे जाळीपोट काढले, अगदी योग्य जागी. भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्यामधल्या खोलगट जागेत, कोटीपोटाची मोठी गोलाई काढली, तीही ठीक. मग या दोघांच्या मध्ये एक गोळा काढून म्हणाली, "हे पडदेपोट." त्याच्या खाली, बरगड्यांच्या टोकांशी, स्वल्पविरामासारखा एक लांबट आकार काढला. "आणि हे चौथं पोट, मॅडम."

चारही आकार सुबक होते. कोणाला कोण लागून आहे हेही बरोबर होते. पण शेवटचे दोन आकार ज्या बाजूला काढले होते, त्या बाजूला ते दिसतच नाहीत.

प्रौढ गाईच्या उदरपोकळीची डावी बाजू जवळजवळ सगळी कोटीपोटाने व्यापलेली असते. सातव्या-आठव्या बरगडीपासून ते थेट कटिपोकळीच्या तोंडापर्यंत पसरते. पडदेपोट मध्यरेषेच्या उजवीकडे असते. चौथे पोट, म्हणजे आपण ज्याला खरे जठर म्हणतो ते, उदराच्या तळावर आणि बहुतांशी उजवीकडे पडलेले असते. डाव्या भिंतीला त्याचा स्पर्श होतो तो फार तर अगदी तळाशी, जाळीपोटाच्या मागच्या कोपऱ्यात. ते डाव्या बरगड्यांखाली वर चढलेले सापडले तर तो आजार असतो. बहुतेक वेळा गाय विल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात वायूने फुगलेले चौथे पोट कोटीपोटाच्या खालून सरकते आणि कोटीपोट व डावी भिंत यांच्यामध्ये अडकून बसते. स्टेथोस्कोप लावून बरगड्यांवर टिचकी मारली की धातूवर मारल्यासारखा 'पिंग' आवाज येतो. तिच्या खडूच्या रेघा खऱ्या मानल्या असत्या, तर खोड्यातल्या त्या धडधाकट गाईवर शस्त्रक्रिया करावी लागली असती.

आदल्याच आठवड्यात स्पॉटिंगच्या परीक्षेत या मुलीचे पोटाच्या नमुन्यांवरचे एकही उत्तर चुकले नव्हते. हे दोन निकाल एकाच डोक्यातून आले होते, आणि पहिल्या निकालावर मी स्वतः सही केली होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

स्पॉटिंगमध्ये आम्ही काय मोजत होतो

स्पॉटिंग म्हणजे टेबलांवर ट्रे मांडलेले, प्रत्येक नमुन्यावर टाचणी, टाचणीला क्रमांक. घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचे. ही पद्धत वाईट नाही. मोठ्या वर्गाची परीक्षा एका सकाळी होते, गुण देताना वाद होत नाहीत, आणि अवयव ओळखता येणे हे कौशल्य शवपरीक्षेच्या टेबलावर रोज लागते.

पण पोटाच्या कप्प्यांकडे जरा बारकाईने पाहा. जाळीपोटाच्या आतल्या बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घर असते. पडदेपोटात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे एकाला एक लागून असतात. कोटीपोटाच्या आत टॉवेलसारखे टोकदार उंचवटे, आणि चौथ्या पोटात गुळगुळीत, बुळबुळीत वळ्या. चार बोटे रुंद तुकडा समोर ठेवला तरी तो कुठल्या कप्प्याचा हे न चुकता सांगता येते. त्यासाठी गाय डोळ्यांसमोर आणावीच लागत नाही.

दुसरी गोष्ट मला नंतर खटकली आणि ती जास्त गंभीर आहे. आमच्या हॉलमधले पोटाचे मोठे नमुने कायम एकाच अंगावर ठेवलेले असतात: कोटीपोटाची डावी बाजू खाली, उजवी बाजू वर. कारण उघड आहे. उजवीकडून पाहिले की चारही कप्पे एकदम दिसतात, डावीकडून पाहिले की कोटीपोट बाकीच्यांना झाकून टाकते. शिकवायला सोपे म्हणून आम्ही उजवी बाजू वर ठेवली, फॉर्मलिनने नमुने त्याच ठेवणीत कडक झाले, आणि वर्षानुवर्षे मुलांनी पोट एकाच खिडकीतून पाहिले. शिवाय ट्रेला ना डोके असते ना शेपूट. बरगड्या नाहीत, पाठीचा कणा नाही. अवयव बाहेर काढला की त्याचा पत्ताच पुसला जातो, आणि स्पॉटिंगमध्ये आम्ही फक्त नाव विचारतो.

तीन संशय

अशा चुकीला "लक्ष नव्हते" म्हणून सोडून देणे सोपे होते. मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने ठरवले की आधी कारण शोधायचे. तीन शक्यता दिसत होत्या.

पहिली भाषेची. शरीररचनेत डावे-उजवे हे नेहमी प्राण्याचे असते, पाहणाऱ्याचे नाही. गाईसमोर तोंड करून उभे राहिलो तर तिची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. पाठीवर झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्येही प्राण्याची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजवीकडे मांडतात. इथे घोटाळा होणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून तिला नुसत्या चिठ्ठ्या दिल्या: डोक्याकडचा, शेपटीकडचा, पाठीकडचा, पोटाकडचा, डावा, उजवा, मध्यरेषेजवळचा. त्या तिने गाईवर, मग आडव्या पडलेल्या शेळीवर, मग उलट्या टांगलेल्या सांगाड्यावर न चुकता लावल्या. भाषा पक्की होती.

दुसरी शक्यता अशी की तिला आकार मनातल्या मनात फिरवताच येत नसतील. यासाठी जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या कागदी चाचण्या आहेत. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलीन मेट्झलर यांनी घनांपासून बनवलेल्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून विचारले होते की दोन्ही एकच आकार आहेत की एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. दोन आकृत्यांमधला कोन जितका जास्त, तितका उत्तर द्यायला लागणारा वेळ जास्त, आणि ही वाढ सरळ रेषेत होती. जणू माणूस मनात ती वस्तू ठरावीक वेगाने फिरवत होता. १९७८ मध्ये व्हॅन्डेनबर्ग आणि क्यूज यांनी तशाच आकृत्यांवरून २० प्रश्नांची कागदी चाचणी तयार केली. तिच्यात चार पर्यायांपैकी दोन बरोबर असतात आणि दोन्ही निवडले तरच गुण देण्याची पद्धत रूढ आहे. ही युक्ती मला फार आवडते. चारांतून दोन निवडण्याच्या सहा जोड्या होतात, म्हणजे डोळे मिटून उत्तर देणाऱ्याचे सहांतून एकदाच जुळते. आमचा "डावीकडे की उजवीकडे" हा प्रश्न अंदाजाने दर दोनांतून एकदा बरोबर येतो. वर्षानुवर्षे आम्ही नाणे उडवून मिळणारे गुण आकलनाच्या खात्यात जमा करत होतो.

तिला ही चाचणी दिली, घड्याळ न लावता. घड्याळ लावले की वेगाची परीक्षा होते, आणि आम्हाला वेग नको होता. तिने ती चांगली सोडवली. घन फिरवताना तिला कुठेही अडचण आली नाही.

हा निकाल हातात आल्यावर मी थोडा वेळ गोंधळले. घन फिरवता येतात, शब्द पक्के आहेत, अवयव ओळखता येतात, आणि तरी चौथे पोट डावीकडे. यावरून एक गोष्ट मला पुरेशी स्पष्ट झाली: सर्वसाधारण अवकाशीय क्षमता आणि एखाद्या विशिष्ट शरीराचे अवकाशीय आकलन या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात. पहिली चांगली असेल तर दुसरी मिळवायला मदत होते. पण घनांच्या चाचणीवरून विद्यार्थ्याला पोटाबद्दल गुण देणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे "हिला जमणार नाही" असा शिक्का मारणे, याला आधार नाही. हे कौशल्य सरावाने सुधारते, हेही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले आहे.

आरसा

तिसरी शक्यता तिच्या खडूच्या रेघांतच होती. मला ती दिसायला दोन दिवस लागले. मी तिच्या रेखाटनाचा फोटो घेतला आणि शेजारी आमच्या ट्रेचा फोटो ठेवला. ट्रेमध्ये जाळीपोट उजव्या हाताला, कोटीपोट डाव्या हाताला. तिच्या रेखाटनात जाळीपोट डाव्या हाताला, कोटीपोट उजव्या हाताला. बाकी सगळे हुबेहूब. तिने ट्रेमधले चित्र घेतले, गाईचे डोके आता आपल्या डाव्या हाताला आहे हे लक्षात ठेवले, आणि अख्खे चित्र आडवे उलटवून गाईच्या कुशीवर चिकटवले.

म्हणजे तिने पोटाला फेरी मारलीच नव्हती. पलीकडे जाऊन पाहिले की जे जवळ होते ते लांब जाते, जे समोर होते ते मागे झाकले जाते. आरशात तसे होत नाही. आरशात फक्त डावे-उजवे बदलते, जे समोर होते ते समोरच राहते. तिच्या मनात पोट ही जाडी असलेली वस्तू नव्हती, ते एक चित्र होते, आणि चित्र उलटवता येते.

इथे माझ्या प्रश्नातली चूकही कबूल करायला हवी. "चारही कप्पे काढून दाखव" असे मीच म्हणाले होते. ज्या बाजूने चार दिसत नाहीत त्या बाजूने चार काढायला सांगितले, तर विद्यार्थी ते काढणारच. म्हणून दोन दिवसांनी दुसऱ्या गाईपाशी प्रश्न बदलून विचारला: "डाव्या भिंतीला आतून जे टेकतं, तेवढंच काढ." तिने पुन्हा चारही काढले. तेव्हा संशय खरा ठरला.

आरशाची चूक पकडणारा आणखी एक प्रश्न आम्ही तयार केला आणि तो आजही माझ्या सर्वांत आवडीचा आहे. निकोलाय पिरोगोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शवे गोठवून त्यांचे आडवे काप काढले आणि अवयव जिथल्या तिथे दाखवले. आजच्या सीटी स्कॅनच्या आधी शंभरहून अधिक वर्षे. त्याच पद्धतीने आमच्याकडे गोठवून करवतीने कापलेले शेळीचे काप आहेत. कापाला दोन तोंडे असतात, एक डोक्याकडचे, एक शेपटीकडचे, आणि ती एकमेकांची जवळजवळ प्रतिबिंबेच असतात. काप पाठीचा कणा वर करून उभा धरायचा आणि एवढेच विचारायचे: "तू शेळीच्या पुढून पाहते आहेस की मागून?" कोटीपोट तुमच्या डाव्या हाताला दिसत असेल तर तुम्ही मागे उभे राहून डोक्याकडे पाहता आहात. उजव्या हाताला दिसत असेल तर पुढून. नाव विचारायचे नाही, टाचणी नाही.

मी डोक्याकडचे तोंड तिच्यासमोर धरले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, हा काप उलटा धरला गेलाय. कोटीपोट उजवीकडे आलंय."

चार रकाने

यानंतर आम्ही गुण देण्याचा तक्ता नव्याने बनवला. एका अवयवाच्या जागेबद्दल चार वेगळ्या गोष्टी: बाजू, क्रम, खोली आणि शेजार. बाजू म्हणजे मध्यरेषेच्या कुठल्या अंगाला. क्रम म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे कोणामागे कोण. खोली म्हणजे कातडीपासून आत जाताना आधी काय आणि मग काय. शेजार म्हणजे कोणाला कोण टेकलेले आहे. चौघांचे गुण वेगळे, आणि एकातली कमतरता दुसऱ्याने भरून निघत नाही. बेरीज केली की आजार लपतो.

खोलीसाठी सुईचा प्रश्न चांगला चालतो. पोटफुगीत डाव्या भकाळीतून ट्रोकार, म्हणजे वायू बाहेर काढायची जाड सुई, घातला तर तो कशाकशातून जाईल? कातडी, उदराच्या भिंतीचे तीन स्नायू, उदरावरण, कोटीपोटाची भिंत. हा क्रम पुष्कळ मुले पाठ करून येतात. म्हणून त्याला जोडून दुसरा: गाईने गिळलेली तार जाळीपोटात रुतली आहे आणि पुढे सरकते आहे, ती कशाकशाला भोसकेल? जाळीपोटाची भिंत, छाती आणि पोट यांच्यामधला डायफ्रॅम, हृदयावरण, हृदय. पोटाचा कप्पा आणि हृदय यांच्यात एवढेच अंतर असते हे ज्याला मनात दिसते, तो अडखळत नाही. पोटाचा धडा वेगळा आणि हृदयाचा धडा वेगळा अशी ज्याची मांडणी आहे, तो डायफ्रॅमपाशी येऊन थांबतो. ती थांबली.

रेखाटन मात्र आम्ही काढून टाकले. ज्याचा हात चित्रकलेत बसलेला नाही त्याचे आकलन कमी दिसते, आणि तिच्यासारख्या सुबक हाताच्या मुलीची चूक सुबकपणामागे दडते. त्याऐवजी पुठ्ठ्याचे कापलेले आकार दिले. ते गाईच्या रूपरेषेवर ठेवायचे, एकावर एक आले तर कुठला वर आणि कुठला खाली हे ठरवायचे. 'दिसत नाही' असा एक कोराच ढीग बाजूला ठेवला. उत्तर म्हणून एखादा आकार त्या ढिगात टाकता येतो, हे मुलांना आधीच सांगितले.

पहिल्या फेरीत आमचा एक प्रश्न रद्द करावा लागला. त्यात "चित्रात डावीकडे" आणि "प्राण्याच्या डावीकडे" यांत आम्ही स्वतःच घोळ घातला होता, आणि मी व सहकाऱ्याने त्याच उत्तराला वेगवेगळे गुण दिले तेव्हा तो लक्षात आला. दोघांनी स्वतंत्रपणे गुण देऊन मग ताडून पाहण्याचा हा फायदा.

टेबलावरचा दुसरा विद्यार्थी

तिच्याच टेबलावर विच्छेदन करणारा एक मुलगा होता. त्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्या प्रकरणावर त्यामुळे उजेड पडतो. घनांच्या चाचणीत तो जेमतेम होता. पण उभ्या गाईवरचे सगळे आकार त्याने बरोबर ठेवले. कसे, असे विचारल्यावर तो एकेक वाक्य जोडत गेला: "जाळीपोट सर्वांत पुढे. पडदेपोट त्याच्या मागे, उजवीकडे. चौथं पोट त्याच्या खाली." तो चित्र पाहत नव्हता, रस्ता सांगत होता, जसे एखादा माणूस नकाशा न पाहता वळणे सांगतो.

हे अवकाशीय आकलन म्हणायचे का, यावर सहकाऱ्याचा आणि माझा वाद झाला. माझे मत असे होते की उत्तर कोणत्या वाटेने आले याला महत्त्व नाही, पण ते नव्या परिस्थितीत टिकते का हे पाहिले पाहिजे. म्हणून शेळी डाव्या कुशीवर आडवी केली आणि तेच विचारले. तो गडबडला. त्याच्या वाक्यातला "खाली" हा शब्द आता जमिनीकडे बोट दाखवत होता, पोटाकडे नाही. डॉर्सल (पाठीकडचा), व्हेंट्रल (पोटाकडचा), क्रेनिअल (डोक्याकडचा), कॉडल (शेपटीकडचा) हे शब्द नेमके याचसाठी आहेत: प्राणी कसाही पडला तरी त्यांचा अर्थ बदलत नाही. त्याला फक्त "खाली" ऐवजी "पोटाकडे" म्हणायला लावले आणि तो पुन्हा रस्त्यावर आला.

एकाला शब्दांची दुरुस्ती पुरली. तिचे शब्द आधीपासून बिनचूक होते, तिला दुसरेच काही हवे होते. स्पॉटिंगच्या गुणपत्रिकेवर मात्र मुलगा मागे आणि मुलगी पुढे, एवढीच नोंद होती.

डब्यातले पोट

तिला मी व्याख्यान दिले नाही. एक पारदर्शक डबा घेतला, त्याच्या एका टोकाला डोके, दुसऱ्याला शेपूट असे लिहिले, वरच्या कडेला पाठीचा कणा म्हणून एक दांडी बसवली. चार रंगांची माती दिली. "पोट बनव आणि आत ठेव. डबा मिटल्यावर चारही बाजूंनी आणि खालून मला दाखव."

कप्पे तिने झटपट बनवले. ठेवताना मात्र हात थांबला. प्रथम तिने सगळे डब्याच्या एका भिंतीला चिकटवले, ट्रेसारखे, सपाट. कोटीपोटाला डब्याची निम्मी रुंदी द्यावी लागेल म्हटल्यावर बाकीच्यांना जागा उरेना. मग तिने सगळे बाहेर काढले. कोटीपोट आधी ठेवले, डाव्या भिंतीला घट्ट. जाळीपोट पुढे. उरलेल्या फटीत, उजव्या अंगाला, पडदेपोट दाबून बसवले. चौथे पोट तळाशी आडवे घातले. झाकण लावले आणि डबा डावीकडून डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ काही बोलली नाही. मग डबा डोक्यावर उचलून खालून पाहिले.

"डावीकडून ते दिसतच नाही, मॅडम. मी काढलं कसं तेव्हा?"

मी फक्त खडू पुढे केला.

हा डबा काही चमत्कारिक साधन नाही. संगणकावर फिरवता येणारी त्रिमितीय प्रतिकृती आमच्याकडेही आहे आणि तिने ती आधी पाहिलीही होती. पण तिथे पडद्यावर पोट बोटाने हवे तसे फिरते, आणि मुले ते फिरवून पुन्हा ओळखीच्या बाजूला, म्हणजे चारही कप्पे दिसतात त्या बाजूला, आणून ठेवतात. जागेची टंचाई तिथे जाणवत नाही. दोन अवयव एकाच जागेत मावत नाहीत, हे डब्यात हाताला कळते. माझ्या मते तिच्या बाबतीत कामाला आली ती ही टंचाई.

दुसरी फेरी

काही आठवड्यांनी पुन्हा तपासले. तीच गाय, तोच प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. उत्तर लक्षात राहिले असते आणि आम्ही पुन्हा स्मरणशक्ती मोजली असती. म्हणून तिने न सोडवलेले प्रश्न घेतले.

नवजात वासरू: इथे चौथे पोट सर्वांत मोठे आणि कोटीपोट लहान असते, मग डाव्या भिंतीला काय टेकेल? पुठ्ठ्याचा मोठा आकार हातात घेऊन तिने चौथे पोट डावीकडेही पसरवले आणि कोटीपोट वर, मागे सरकवले. कारण विचारल्यावर म्हणाली, "ज्याची जागा मोठी, तो बाकीच्यांना ढकलणार."

कुत्र्याचा एक्स-रे: कुशीवर झोपवून काढलेला, जठरातली हवा पायलोरसमध्ये, म्हणजे जठराच्या आतड्याकडच्या टोकात, जमलेली. कुत्रा कोणत्या कुशीवर होता? पायलोरस उजवीकडे असतो, हवा वर चढते, म्हणजे उजवी बाजू वर, कुत्रा डाव्या कुशीवर. गाईकडून कुत्र्याकडे, कापाकडून सावलीकडे अशी ही उडी आहे. तिने आधी चुकीचे उत्तर दिले, मग स्वतः टेबलावर डाव्या कुशीवर आडवी झाली आणि उत्तर बदलले. तक्त्यात आम्ही दोन्ही उत्तरे लिहिली. शरीर वापरून विचार करण्याला मी गुण कापत नाही. दवाखान्यात कोणी तिला तसे करण्यापासून अडवणार नाही.

शेळीचा काप: आता उत्तर लगेच आले, दोन्ही तोंडांचे. गाय विल्यानंतर चौथे पोट डावीकडे कसे येते तो मार्गही तिने डब्यात बोट फिरवून दाखवला, कोटीपोटाच्या खालून आणि मग भिंतीलगत वर.

चार रकान्यांत बाजू, क्रम आणि शेजार भरले. खोली अजून कच्ची होती, प्लीहा आणि डायफ्रॅम यांच्या बाबतीत विशेष. एका विद्यार्थिनीच्या या प्रकरणावरून सगळ्या वर्गाविषयी निष्कर्ष काढणे मी टाळते. तिच्या चुकीचा आकार मला सापडला, दुसऱ्या मुलाच्या चुकीचा आकार वेगळा निघाला, आणि तिसऱ्याचा आणखी वेगळा असेल. स्पॉटिंग आम्ही बंद केले नाही. त्यातले काही थांबे बदलले: एका थांब्यावर आता काप असतो, एका थांब्यावर डबा, आणि पोटाचा मोठा नमुना दर वेळी वेगळ्या अंगावर ठेवलेला असतो. विच्छेदनात अवयव बाहेर काढण्याआधी प्रत्येकाने त्याचा शेजार हाताने चाचपायचा आणि काम संपल्यावर तो परत आत ठेवून दाखवायचा, असा नियम केला. त्यात वेळ जातो. पूर्वी एका सत्रात संपणारे पोट आता दोन सत्रे घेते.

शेवटच्या दिवशी मी तिला डाव्या मूत्रपिंडाबद्दल विचारले. हे मुद्दाम ठेवलेले होते, कारण तिथे नावच फसवते. गाईचे उजवे मूत्रपिंड शेवटच्या बरगडीपाशी पाठीला धरून असते. डावे सैल लोंबते, आणि कोटीपोट त्याला मध्यरेषेच्या पलीकडे, उजव्या अंगाला ढकलते. "गुदमार्गातून तपासते आहेस. हात आत गेलाय. डावं मूत्रपिंड कुठं शोधशील?"

तिने हात पुढे केला, मनगट डावीकडे वळवले आणि मध्येच थांबली.

"मॅडम, कोटीपोट भरलेलं आहे की रिकामं?"

आमच्या तक्त्यात या प्रश्नासाठी रकाना नव्हता. मी म्हणाले, "भरलेलं." तिने मनगट उजवीकडे वळवले.